लाल दिवा लागला नाही

“बाई, आज पुढं बसणार?”

सर्जेरावांनी विचारलं आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले. मी नेहमी मधल्या बाकावर बसत असे. काचेच्या नळ्या, भिंगं, होकायंत्रं यांची खोकी मागे रचलेली असत आणि वळणावर त्यांना हात द्यायला कुणीतरी लागे. दोन वर्षांत मी ड्रायव्हरशेजारी एकदाही बसले नव्हते.

“मागे पाठ धरते हल्ली,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणून त्यांनी दार उघडलं. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला दिसलं. आणि मला दिसलं, हे त्यांनाही कळलं.

ती आमची विज्ञानगाडी. गडहिंग्लजच्या एका छोट्या संस्थेनं जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिच्यात प्रयोगशाळा भरली होती. निवृत्त झाल्यावर मी तिच्याबरोबर फिरायला लागले. ज्या वाडीत चौथीपर्यंत शाळा आणि एकच गुरुजी, तिथे जायचं, दिवसभर प्रयोग करायचे, संध्याकाळी परत. गाडी आली त्या दिवसापासून सर्जेराव बिद्रे तिचे ड्रायव्हर होते. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. मुलांनी गाडीला हात लावला तर ओरडायचे आणि नंतर स्वतःच त्यांना हॉर्न वाजवायला द्यायचे.

आदल्या दिवशी संस्थेच्या कार्यवाहांनी, नाडगौडांनी, मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं होतं.

“सबनीसबाई, दिवाळीच्या आधी नवी बॅटरी घेतली. ती बसली म्हणून दुसरी घेतली. आता तीही बसते म्हणतो बिद्रे. बॅटरीवाल्याकडे पाठवली, तर तो म्हणतो बॅटरीत दोष नाही. इलेक्ट्रिशियनकडे डायनामो पाठवला, तो म्हणतो उत्तम आहे. मग वीज जाते कुठे?”

इंजिन फिरत असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राला आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणत.

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला वाटत नाही, मला कळलंय. गेल्या आठवड्यात भल्या पहाटे बिद्रे सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून नेत होता. आपल्या शिपायानं पाहिलं. चांगली बॅटरी विकायची, जुनीपुराणी आणून बसवायची. दुसरं काय असणार?”

“विचारलंत त्यांना?”

“चोराला विचारून काय होतं? उद्या तुम्ही पुढे बसा. डोळे उघडे ठेवा. दुपारच्या एस.टी.नं मी वाडीवर येतोच आहे. चोर आहे की नाही, एवढंच मला सांगा. आहे म्हणालात तर किल्ली तिथेच काढून घेतो. गाडी परत न्यायला परवा दुसरा माणूस येईल.”

“आणि नाही म्हटलं तर?”

नाडगौडा चष्मा पुसत राहिले. “तर कारण सांगावं लागेल, बाई. नुसतं माणूस चांगला आहे म्हणून चालणार नाही.”

त्यांचं चूक होतं असंही नाही. पण चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला त्या भागात पुन्हा कुणी स्टीअरिंगला हात लावू देणार नव्हतं. हे नाडगौडांना ठाऊक होतं, मला होतं, आणि सर्जेरावांना तर होतंच.

तर मी पुढे बसले.

चंदगडच्या अंगाला, काजूच्या बागा संपून जंगल सुरू होतं तिथे एक धनगरवाडा आहे. आम्हाला तिथे जायचं होतं. नेसरी गाव मागे पडलं. एका टपरीवर चहाला थांबलो, तर त्यांनी गाडी टपरीपासून चांगली लांब, उतारावर लावली, आणि इंजिन चालूच ठेवलं.

“बंद नाही केलीत?”

“असू दे. थंडी हाय.”

ऊन चांगलं वर आलं होतं.

पुन्हा निघाल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “सायबांनी धाडलंय व्हय तुमास्नी?”

मुलांना मी कधी खोटं सांगितलं नाही. मोठ्यांनाही मला ते नीट जमत नसे.

“मग सरळ इचारा की, बाई. पाठीचं कशाला काढताय?”

“बरं. बॅटरी सायकलवरून कुठे नेली होती?”

त्यांनी गाडी हळू केली. “आप्पा स्पीकरवाल्याकडं.”

“विकायला?”

“भरायला!” ते एकदम मोठ्यानं म्हणाले. मग आवाज खाली आणला. “लग्नाच्या स्पीकरच्या बॅटऱ्या भरायचं यंत्र हाय त्याच्याकडं. रातभर लावून ठेवतो. सकाळी आणून बसवतो मी. मग चार-पाच रोज निघत्यात.”

“ऑफिसात का नाही सांगितलंत?”

“मागल्या खेपेला सायेब म्हणाले, पुन्हा बॅटरीचं नाव काढलंस तर घरी बस. मग काय सांगणार?”

ऐकायला सरळ होतं. पण आप्पा स्पीकरवाला जुन्या बॅटऱ्या घेतो आणि विकतोही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ज्या माणसाकडे बॅटरी भरायला जाते, त्याच माणसाकडे ती विकायलाही जाते.

“समोरचा लाल दिवा लागतो का हो?” मी विचारलं. बॅटरी भरली जात नसेल तर ड्रायव्हरपुढच्या काचेत बॅटरीचं लाल चित्र पेटतं, एवढं मला ठाऊक होतं. “गाडी चालू असताना?”

“न्हाई लागत.”

“कधीच?”

“कधीच न्हाई. डायनामोवाल्यानंबी हेच इचारलं. त्यालाबी तेच सांगितलं.”

हे बोलताना ते उजवीकडे, काजूच्या झाडांकडे बघत होते. रस्ता डावीकडे वळत होता.

शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मूल खोटं बोलतं तेव्हा कळतंच. पण त्याहून अवघड असतं ते, मूल खरं बोलून काहीतरी लपवतं तेव्हा ओळखणं. त्या वेळी मला तसंच वाटलं, आणि मनात किल्ली त्यांच्या हातातून जवळजवळ गेलीच होती.

शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे सारवलेलं अंगण. सर्जेरावांनी गाडी अंगणाच्या वरच्या अंगाला, तोंड खाली करून उतारावर उभी केली. चाकाला दगड लावला. इंजिन चालूच. गावडे गुरुजी मुलांना घेऊन बाहेर आले.

“सर्जेराव, जरा बॉनेट उघडा. मुलांना बॅटरी दाखवते.”

“आत्ता? आधी प्रयोग करा की.”

“हाही प्रयोगच आहे.”

त्यांनी उघडलं. मी आमच्या पेटीतला व्होल्टमीटर काढला, मुलांना लांब अर्धगोलात उभं केलं आणि मीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. इंजिन चालू असताना काटा चौदाच्या आसपास जायला हवा, हे मी आदल्या संध्याकाळी पुस्तकात वाचून आले होते. काटा बाराच्याही खाली राहिला. सर्जेरावांना थोडा वेग द्यायला सांगितलं. काटा हलला नाही.

“बाई, काटा झोपलाय,” एक मुलगी म्हणाली. यमुना झोरे तिचं नाव. चौथीतली, दोन्ही वेण्यांना वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी.

झोपलाच होता. म्हणजे डायनामो बॅटरी भरत नव्हता. इलेक्ट्रिशियन म्हणत होता, डायनामो उत्तम आहे. सर्जेराव म्हणत होते, लाल दिवा लागत नाही. दोघांपैकी एक नक्की लपवत होता. नाहीतर दोघं मिळून.

सर्जेरावांनी बॉनेट जरा जोरातच आपटलं.

मग आत जाऊन आम्ही विजेचा धडा घेतला. माझ्याकडे लाकडी बोर्ड होता, त्यावर दोन दिवे एकाच तारेत एकापुढे एक जोडलेले. एक नीट होल्डरात बसवलेला. दुसरा छोटा, बुडाला पितळ नसलेला, नुसता तांब्याच्या तारेनं बांधलेला. आधीचा दिवा श्रावणात एका शाळेत फुटला, तेव्हा सर्जेरावांनी हा कुठून तरी आणून दिला होता. सेलांची पेटी जोडली की दोन्ही मंद उजळत.

“आता मी हा एकच काढते,” मी म्हटलं आणि मोठा दिवा पिळून काढला. छोटाही विझला.

“अगं बाई! दुसरा रुसला!” यमुना ओरडली.

“रुसतंय कशाला?” मागून एक पोरगा म्हणाला. “वाटच मोडली न्हवं. पुलावरचा दगड काढल्यावर पलीकडची म्हस येईल का?”

“पण तिनं काय केलं होतं?”

“कुणी?”

“म्हशीनं!”

सगळे हसले. गुरुजींनी छडी टेबलावर आपटली, पण तेही हसत होते. सर्जेराव दारात उभे होते. धडा चालू असताना ते नेहमी दारात उभे राहत. त्या दिवशी ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते, आणि मीही धडा सोडून त्यांच्याकडे बघत होते.

मग मी ठरवलेलं काम केलं. “चला, गाडीत असे दिवे कुठे असतात ते बघू.” मुलं ओरडत सुटली. “सर्जेराव, इंजिन बंद करा आणि किल्ली अर्ध्यावर ठेवा.”

“बंद केली तर चालू हुयाची न्हाई, बाई.”

“म्हणून तर उतारावर लावलीत ना?”

त्यांनी मान खाली घातली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मग किल्ली अर्धी फिरवली. मी यमुनाला ड्रायव्हरच्या जागेवर चढवलं.

“काय काय दिसतं सांग.”

“एक तेलाच्या बुधलीचं चित्र. लाल लागलंय. एक गोल, त्यात रेघ. तेबी लागलंय. आन् एक... पेटी हाय, वर दोन शिंगं. ती न्हाई लागली.”

“नीट बघ.”

“न्हाई लागली, बाई. बाकीची लागल्यात. हीच का न्हाई?”

तो मी ऐकलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता. इंजिन बंद, किल्ली अर्ध्यावर, म्हणजे बॅटरी भरली जात नाही. त्या वेळी तरी तो दिवा लागायलाच हवा. गाडी चालू असताना तो लागत नाही, याचा काही अर्थच नव्हता. तो लागूच शकत नव्हता.

मी पेटीतला पेचकस घेतला. काचेभोवतीच्या पट्टीला दोन स्क्रू होते. दोन्हींच्या डोक्यांवर पेचकस फिरवल्याच्या रेघा. धुळीनं भरलेल्या त्या गाडीत तेवढ्याच जागा चमकत होत्या. पट्टी बाजूला केली. बॅटरीच्या चित्रामागचं भोक रिकामं होतं. दिवा कुणीतरी उपटून नेला होता.

“काय सापडलं?”

नाडगौडा. फाट्यावरून चालत आल्यानं धोतराचा काठ लाल मातीनं भरलेला. मी सरकले, त्यांना भोक दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

“असं आहे होय! बॅटरी भरत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून दिवाच काढून टाकला. मग बॅटरी बदला, विका, पुन्हा बदला. बिद्रे, तूच काढलास ना हा?”

सर्जेराव बॉनेटला टेकून उभे होते.

“बोल की.”

“मीच काढलाय,” ते म्हणाले.

यमुना अजून वरच बसली होती, तिनं स्टीअरिंग सोडून दिलं.

“का?” मी विचारलं.

त्यांनी बॉनेटवरची धूळ हातानं पुसली.

“त्यात विचारायचं काय, बाई?” नाडगौडांनी हात पुढे केला. “किल्ली.”

सर्जेरावांनी यमुनाच्या गुडघ्यांवरून हात घालून किल्ली काढली, नाडगौडांच्या हातात दिली. सगळं माझ्या डोळ्यांपुढे जुळलं होतं. पहाटेची सायकल, उतार, काजूकडे बघत दिलेली उत्तरं. एकच गोष्ट जुळत नव्हती. पकडला गेलेला माणूस एकतर खाली बघतो किंवा वाट शोधतो. सर्जेराव शाळेच्या उघड्या दारातून आत बघत होते. तिथे बाकावर माझा बोर्ड होता.

मी आत गेले. छोटा दिवा तांब्याच्या तारेतून सोडवला. पितळ नसलेलं बूड. बोटांना चपटं लागलं. तो घेऊन बाहेर आले आणि त्या रिकाम्या भोकात बसवून बघितला. टिच्चून बसला.

“सर्जेराव,” मी म्हटलं, “श्रावणात हा तुम्ही कुठून आणलात?”

“कशाला ते, बाई?”

“सांगा.”

“तुमचं नाव येईल त्यात,” ते हळूच म्हणाले. मग नाडगौडांकडे बघून, जरा रागानंच बोलायला लागले. “त्या दिशी वड्याला पाणी हुतं. पोरं कमरेएवढ्या पाण्यातनं आली हुती. आन् ह्यांचा दिवा पडून फुटला. बाई म्हणाल्या, आज धडा हुयाचा न्हाई. पोरं अशी बघाय लागली... मी गाडीत जाऊन बसलो. समोर हा दिवा. पाच वरसांत कधी लागलेला बघितला न्हाई, किल्ली फिरवताना सोडून. म्हटलं, बिनकामाचाच हाय की. काढला आन् दिला.”

“आणि डायनामोवाल्याला सांगितलं नाहीस?”

“त्यानं इचारलं, लाल दिवा लागतो का. म्हटलं, न्हाई. खोटं कुठं बोललो? गाडीचा दिवा संस्थेला न इचारता काढलाय, बाई त्यावर शिकवत्यात, हे सांगून बाईंना कशाला गुतवू? तो दिवा नुसता सांगणारा. सांगणारा काढला म्हणून डायनामोचं काम थांबतंय व्हय?”

नाडगौडा माझ्याकडे वळले. “बाई, हे खरं?”

आपल्या आवाजात म्हणून बघावं तसं मी सर्जेरावांचं वाक्य मनात म्हणून बघत होते. थांबतं का? मघाशी मोठा दिवा काढला, तेव्हा छोट्यानं काय केलं होतं?

“यमुना, खाली उतर,” मी म्हटलं. “सगळे त्या झाडाकडे व्हा. नाडगौडा, किल्ली द्या जरा.”

“कशासाठी?”

“कारण हवं होतं ना तुम्हाला?”

त्यांनी दिली. मी सर्जेरावांना बसवलं. किल्ली अर्धी फिरली आणि तिन्ही चित्रं लाल पेटली. शिंगांची पेटीसुद्धा. मुलांनी झाडाखालून टाळ्या वाजवल्या. दगड काढला, गाडी उतारावरून सुटली, मध्येच धक्का खाऊन इंजिन चालू झालं आणि गाडी अंगणाच्या कडेला थांबली.

“लाल दिवा?” मी ओरडून विचारलं.

“विझला!”

बॉनेट उघडलं. मीटरच्या तारा लावल्या. यमुना कुणाला न विचारता माझ्या कोपराखाली येऊन उभी राहिली. काटा बारावर घोटाळला नाही. सरळ चौदाकडे गेला.

“जागा झाला!” ती म्हणाली.

“दिवा लावल्यानं?” नाडगौडांनी वाकून मीटर बघितला, मग तारा हलवून पुन्हा बघितला. “तो दिवा तर आता विझलाय.”

“इंजिन सुरू होताना डायनामोला जागं व्हायला बॅटरीकडून चिमूटभर वीज लागत असणार. ती त्याच दिव्यातून जात असणार. दिवा काढला, वाटच मोडली.”

पुढे गडहिंग्लजच्या इलेक्ट्रिशियननंही तेच सांगितलं. टेबलावर तपासताना तो ती वीज आपल्या तारेनं देत होता, म्हणून डायनामो त्याच्याकडे उत्तम चाले. गाडीत घाटावर इंजिन जोरात पळालं की डायनामो कधीकधी आपोआप जागा होई आणि बॅटरी दोन दिवस तग धरी, म्हणून कुणाला पत्ता लागत नव्हता. इलेक्ट्रिशियन खरं बोलत होता, बॅटरीवाला खरं बोलत होता, आप्पा स्पीकरवालाही. आणि सर्जेरावांनी तर एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

पण तेव्हा त्या अंगणात नाडगौडा अजून मीटरकडेच बघत होते.

“म्हणजे दोन बॅटऱ्या यानंच घालवल्या,” ते म्हणाले.

“हो.”

“गाडीचा भाग न विचारता काढून.”

“हो. आणि त्या भागावर मी श्रावणापासून प्रत्येक शाळेत धडा घेतला. मी एकदाही नीट विचारलं नाही, आणला कुठून. माझं नाव येतंय त्यात, ते येऊ द्या.”

सर्जेराव ड्रायव्हरच्या जागेवर तसेच बसून होते, हात मांडीवर. इंजिन चालू होतं, पण किल्ली आता आपली नाही, असं ते बसले होते.

नाडगौडांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि पुढे बसले.

“बंद करा,” ते सर्जेरावांना म्हणाले. पहिल्यांदाच अहोजाहो करत होते.

सर्जेरावांनी इंजिन बंद केलं.

“आता पुन्हा लावा. तो लाल दिवा आधी लागतो, मग विझतो, ते मला बघायचंय.”

“बॅटरी अजून भरली न्हाई, सायेब. घेईल का न घेईल.”

“नाही घेतली तर मी उतरून ढकलीन. लावा.”

किल्ली फिरली. इंजिन दोनदा कण्हलं आणि लागलं. आत ते दोघं काचेकडे वाकून बघत होते, एकाच पुस्तकावर डोकी टेकवलेल्या मुलांसारखे.

यमुनानं माझा पदर ओढला. तिच्या हातात आतून आणलेला बोर्ड होता, मधली तांब्याची तार मोकळी लोंबत होती.

“बाई, आमचा धडा अर्धा राह्यला.”

सर्जेरावांनी ते ऐकलं. नकळत त्यांचा हात समोरच्या काचेकडे गेला. अर्ध्यावरच थांबला. त्यांनी तो मागे घेतला आणि छातीशी धरला.

“न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “ह्या गाडीत बिनकामाचं काई न्हाई.”

नाडगौडांनी कोटाच्या आतल्या खिशातून आपली छोटी विजेरी काढली, अंधारात एस.टी.स्टँडवरून घरी जाताना ते वापरत असत ती. तिचं तोंड पिळून उघडलं, आतला दिवा काढून फुंकर मारली आणि खिडकीतून यमुनाच्या हातात ठेवला.

“संध्याकाळी परत हवा,” ते म्हणाले. “बिद्रे मला गाडीनं घरापर्यंत सोडणार असतील, तर नाही दिलास तरी चालेल.”